बुद्धिबळाच्या बातमीत डावही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बुद्धिबळाच्या मोठ्या लढतीची बातमी आली की क्रीडापानावर निकाल, गुण, खेळाडूचे वय आणि शेवटची चूक एवढे छापून येते. डाव मात्र येत नाही. २०२४ च्या जागतिक अजिंक्यपदाचा चौदावा डाव हे याचे ठळक उदाहरण. १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरमध्ये डी. गुकेशने तो डाव जिंकला, तोवरचा जगज्जेता डिंग लिरेन याच्याविरुद्धची लढत ७.५–६.५ अशी संपली, आणि तेव्हापासून त्या डावाची ओळख एका चालीवर येऊन थांबली आहे: ५५वी चाल, डिंगचा हत्ती एफ२ वर. ‘डिंगची घोडचूक, गुकेश जगज्जेता’ एवढ्यावर बातमी संपते. त्या चालीच्या आधी दोन्ही बाजूंनी ५४ चाली झाल्या होत्या. डिंग सबंध संध्याकाळ बचाव करत का बसला होता, याचे उत्तर त्या चालींत आहे आणि त्याची सुरुवात ओपनिंगपासून, म्हणजे डावाच्या पहिल्या काही चालींपासून, होते. ते वाचकांपर्यंत पोहोचत नाही, हे खटकते म्हणून हे सविस्तर पत्र.

डिंगकडे पांढरी मोहरी होती. गुण ६.५–६.५ असे समसमान होते. बरोबरी झाली असती तर दुसऱ्या दिवशी जलद डावांचा टायब्रेकर झाला असता. पहिल्या वीस चाली अशा (घो घोडा, उं उंट, व वजीर, ह हत्ती, रा राजा, मोहऱ्याचे अक्षर नसेल तिथे प्यादे; × म्हणजे मारणे, + म्हणजे शह, कंसातले अक्षर म्हणजे मोहरा कोणत्या रकान्यातला; आकड्यापुढे तीन टिंबे असतील तिथे चाल काळ्याची):

१. घो-एफ३ डी५ २. जी३ सी५ ३. उं-जी२ घो-सी६ ४. डी४ ई६ ५. किल्लेकोट सी×डी४ ६. घो×डी४ घो(जी)-ई७ ७. सी४ घो×डी४ ८. व×डी४ घो-सी६ ९. व-डी१ डी४ १०. ई३ उं-सी५ ११. ई×डी४ उं×डी४ १२. घो-सी३ किल्लेकोट १३. घो-बी५ उं-बी६ १४. बी३ ए६ १५. घो-सी३ उं-डी४ १६. उं-बी२ ई५ १७. व-डी२ उं-ई६ १८. घो-डी५ बी५ १९. सी×बी५ ए×बी५ २०. घो-एफ४

या मांडणीला उलटा ग्रुनफेल्ड म्हणतात. ग्रुनफेल्ड हा मुळात काळ्याचा बचाव. ऑस्ट्रियाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डने १९२२ मध्ये तो स्पर्धेत आणला आणि त्याच वर्षी त्याने पुढे जगज्जेता झालेल्या अलेखाइनला हरवले. त्यातला विचार असा की प्रतिस्पर्ध्याला पटाचा मध्य प्याद्यांनी व्यापू द्यायचा आणि मग त्याच प्याद्यांवर लांबून, कर्णावरच्या उंटाने दाब आणायचा. मूळ बचावात १. डी४ घो-एफ६ २. सी४ जी६ ३. घो-सी३ डी५ अशा चाली होतात. त्या स्थितीशी डिंगची चौथ्या चालीनंतरची मांडणी ताडून पाहा. रंग उलटे आहेत आणि पांढऱ्याचा उंट आधीच जी२ वर बसलेला आहे. म्हणजे एक चाल फुकट मिळाली आहे.

या फुकट चालीचे मोल काळा कसा खेळतो यावर ठरते. काळ्याने हावरेपणा करून ४... सी×डी४ ५. घो×डी४ ई५ असा सगळा मध्य घेतला, तर ६. घो×सी६ बी×सी६ ७. सी४ नंतर पांढऱ्याला हवे तेच घडते. डी५ आणि सी६ ची प्यादी जी२ च्या उंटासमोर उभी राहतात, आणि त्यांना राखण्यात काळ्याची मोहरी गुंतून पडतात. हौशी स्पर्धांत काळा बहुतेकदा इथेच घसरतो. मध्य मिळाला म्हणून तो खूश असतो आणि पुढच्या दहा चाली त्या मध्याची राखण करत बसतो.

गुकेशने ते लक्ष्यच दिले नाही. चौथ्या चालीला ई६ खेळून त्याने डी५ ला आधार दिला. सहाव्या चालीला जी८ चा घोडा नेहमीच्या एफ६ ऐवजी ई७ वर नेला. ही चाल दिसायला गबाळी आहे, पण तिचा अर्थ नेमका आहे. आता पांढऱ्याने सी६ चा घोडा मारला तर ई७ चा घोडा परत मारतो, बी प्याद्याला सी६ वर यावे लागत नाही आणि प्याद्यांची रचना मोडत नाही. डिंगने सी४ करून डी५ वर दाब वाढवला, तेव्हा गुकेशने घोड्यांची अदलाबदल केली आणि घो-सी६ ने वजिरावर हल्ला करत एक चाल मिळवली.

नववी चाल या ओपनिंगची किल्ली आहे. डी५ च्या प्याद्याचे काय करायचे? सी४ मारले तर वजिरांची अदलाबदल होते, किल्लेकोट न केलेला काळा मागे पडतो आणि पांढरा घोडा डी२ किंवा ए३ वरून सी४ चे प्यादे परत मिळवायला निघतो. प्यादे तिथेच ठेवले तर १०. सी×डी५ ई×डी५ नंतर ते एकटे पडते. त्यावर वजीर, जी२ चा उंट आणि लवकरच सी३ चा घोडा, असा तिघांचा मारा येतो. म्हणून डी४. प्यादे पुढे जाऊन पांढऱ्या घोड्याचे सी३ हे घर बंद करते.

डिंगने लगेच ई३ केले. हे बरोबरच होते, कारण ते प्यादे तिथे पक्के बसले असते तर पांढऱ्याची वजिराकडची बाजू आखडली असती. त्याला आधार म्हणून काळ्याने दहाव्या चालीला ई५ केले, तर ई×डी४ ई×डी४ नंतर ई रकाना मोकळा होतो आणि किल्लेकोट न झालेल्या राजाला ह-ई१ चा शह बसतो. म्हणून उं-सी५. मोहरा बाहेर येतो, प्याद्याला आधार मिळतो आणि किल्लेकोटाची वाट मोकळी होते.

अकराव्या चालीनंतर पट थांबवून फक्त प्यादी मोजावीत. पांढऱ्याची वजिराच्या बाजूला ए, बी, सी अशी तीन आणि राजाच्या बाजूला एफ, जी, एच अशी तीन. काळ्याची वजिराच्या बाजूला दोनच, राजाच्या बाजूला ई धरून चार. पुढच्या डावाचा नकाशा इथे आखला गेला. वजिराच्या बाजूचे एक जादा प्यादे पुढे सरकवून ते मुक्त करायचे, म्हणजे त्याला अडवणारे विरोधी प्यादे उरू द्यायचे नाही, हे पांढऱ्याचे काम. ते होऊ न देता ई प्याद्याच्या जोरावर मध्यात जागा घ्यायची, हे काळ्याचे. पांढऱ्याची स्थिती इथे चांगली आहे. ओपनिंग फसले म्हणून डिंग हरला, असे कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे.

फसले ते पुढे. अठराव्या चालीला घोडा डी५ वर आला. मोक्याची जागा. गुकेशने बी५ करून त्या जादा प्याद्यालाच आव्हान दिले. डिंगने ते प्यादे मारले आणि काळ्याच्या ए८ च्या हत्तीसमोरचा रकाना मोकळा करून दिला. मग २०. घो-एफ४, आणि २०... ई×एफ४ २१. उं×सी६ उं×बी२ २२. व×बी२ ह-बी८. दोन-तीन चालींत पट निम्मा रिकामा झाला. पाहिले तर धोका टळला, पण पांढऱ्याचा चांगला घोडा, मोठ्या कर्णावरचा दाब, डी५ ची जागा, सगळे त्याच झटक्यात गेले. बरोबरी पदरात पाडून घ्यायच्या घाईत केलेल्या या अदलाबदली आहेत, असे माझे मत आहे.

राहिले ते वजिराच्या बाजूचे प्यादे. २५व्या चालीला काळ्याने बी४ केले. २६. ए४ ला काळ्याने बी×ए३ असे एन पासाँने (दोन घरे पुढे आलेले प्यादे एकच घर आल्यासारखे मारण्याच्या नियमाने) उत्तर दिले, हत्तीने ते परत मारले, आणि बी३ चे पांढरे प्यादे एकटे उरले. नावाला ते मुक्त प्यादे, पण त्यावर ई६ चा उंट आणि बी रकान्यातले वजीर व हत्ती रोखलेले. २९व्या चालीला डिंगने ते बी४ वर ढकलून सोडून दिले: २९. बी४ व×बी४ ३०. व×बी४ ह×बी४ ३१. ह-ए८ ह×ए८ ३२. उं×ए८. अकराव्या चालीला ओपनिंगने जे भांडवल हाती दिले होते, ते २९व्या चालीला गेले. ‘एकाच चालीत सगळे घडले’ असे म्हणणाऱ्यांनी हा अठरा चालींचा प्रवास जरूर पटावर मांडून पाहावा.

उरलेली स्थिती: दोघांकडे एक हत्ती, पांढऱ्या घरांवरचा एकेक उंट, काळ्याची तीन प्यादी, पांढऱ्याची दोन, सगळी एकाच बाजूला. सिद्धांताने ही बरोबरी आहे. पण अशा स्थितीत जादा प्यादे असणाऱ्याला काहीच धोका नसतो, आणि कमी असणाऱ्याला प्रत्येक चालीला पहारा द्यावा लागतो. गुकेशने बरोबरी मान्य न करता आणखी २३ चाली तो पहारा द्यायला लावला. याला नशीब म्हणणे अन्यायाचे आहे. त्या चाली:

३२... जी५ ३३. उं-डी५ उं-एफ५ ३४. ह-सी१ रा-जी७ ३५. ह-सी७ उं-जी६ ३६. ह-सी४ ह-बी१+ ३७. रा-जी२ ह-ई१ ३८. ह-बी४ एच५ ३९. ह-ए४ ह-ई५ ४०. उं-एफ३ रा-एच६ ४१. रा-जी१ ह-ई६ ४२. ह-सी४ जी४ ४३. उं-डी५ ह-डी६ ४४. उं-बी७ रा-जी५ ४५. एफ३ एफ५ ४६. एफ×जी४ एच×जी४ ४७. ह-बी४ उं-एफ७ ४८. रा-एफ२ ह-डी२+ ४९. रा-जी१ रा-एफ६ ५०. ह-बी६+ रा-जी५ ५१. ह-बी४ उं-ई६ ५२. ह-ए४ ह-बी२ ५३. उं-ए८ रा-एफ६ ५४. ह-एफ४ रा-ई५

पांढऱ्या हत्तीचा मार्ग बोटाने गिरवा. ३६व्या चालीपासून तो एका शहाचा अपवाद सोडला तर चौथी आडवी ओळ सोडत नाही: सी४, बी४, ए४, पुन्हा सी४, बी४, ए४, एफ४. ही भिंत आहे. ती असेपर्यंत काळा राजा पुढे घुसू शकत नाही. ५२व्या चालीला काळ्याने बी७ च्या उंटावर हत्ती रोखला, तेव्हा डिंगने उंट ए८ च्या कोपऱ्यात नेला. या चालीने डाव हरत नाही. पण उंट आता एकाच कर्णावर अडकला.

५४व्या चालीनंतरची स्थिती नऊ मोहऱ्यांची आहे, घरच्या पटावर मिनिटभरात मांडता येते. पांढरा: राजा जी१, हत्ती एफ४, उंट ए८, प्यादे जी३. काळा: राजा ई५, हत्ती बी२, उंट ई६, प्यादी एफ५ आणि जी४. काळ्या राजाने हत्तीवर हल्ला केला आहे, चाल पांढऱ्याची. चौथ्या ओळीवर हत्तीला एकच सुरक्षित घर उरले आहे, ए४. बी४ वर काळा हत्ती मारतो, सी४ वर उंट, डी४ वर राजा, ई४ वर एफ५ चे प्यादे. ५५. ह-ए४ ने भिंत कायम राहिली असती.

डिंगने ५५. ह-एफ२ करून हत्तींची अदलाबदल देऊ केली. ५५... ह×एफ२ ५६. रा×एफ२ उं-डी५. आता कोपऱ्यातल्या उंटाला जायला बी७ आणि सी६ ही दोनच घरे, आणि दोन्ही त्याच कर्णावर, काळ्या उंटाच्या माऱ्यात. उंटांची अदलाबदल टळत नाही. ५७. उं×डी५ रा×डी५ ५८. रा-ई३ रा-ई५, आणि डिंगने डाव सोडला.

का सोडला, हेही बातमीत यायला हवे होते, कारण पटावर अजून मात कुठेच नव्हती. राजे समोरासमोर, मध्ये एक घर, आणि चाल पांढऱ्याची, म्हणून वाट सोडावी लागते ती पांढऱ्या राजाला. यालाच अपोझिशन काळ्याकडे असणे म्हणतात. ५९. रा-डी३ केले तर एफ४! ६०. जी×एफ४+ रा×एफ४ ६१. रा-ई२ रा-जी३, आणि राजा आपल्या प्याद्याच्या पुढे जाऊन उभा राहिल्याने ते वजीर होणारच. ५९. रा-एफ२ ला घाईने रा-ई४ करू नये, ६०. रा-ई२ ने अपोझिशन पांढऱ्याकडे जाते. आधी ५९... रा-डी४, आणि ६०. रा-ई२ नंतर रा-ई४. मग पांढरा राजा डी२ ला गेला तर काळा एफ३ वर येऊन जी३ चे प्यादे घेतो. एफ२ ला गेला तर काळा डी३, ई३, ई२ असा वळसा घालून मागून तेच करतो. मोहरे मारायला देताना पुढच्या दोन अदलाबदली कोणत्या होतील आणि शेवटी राजांपैकी चाल कोणाची असेल, हे मोजावे लागते. हा धडा शिकणाऱ्या मुलांना ‘घोडचूक’ या शब्दातून मिळत नाही.

याच लढतीच्या अकराव्या डावाचे असेच झाले. गुकेशने १. घो-एफ३ डी५ २. सी४ डी४ ३. बी४ अशी अनपेक्षित वाट धरली आणि डिंगने चौथ्या चालीवरच अर्ध्या तासाहून अधिक वेळ घालवला. ४० चालींसाठी दोन तास, आणि प्रत्येक चालीला मिळणारे जादा ३० सेकंद ४१व्या चालीपासून, असा नियम असताना हा खर्च पुढे भोवतोच. बातम्यांत आली ती फक्त २८व्या चालीची व-सी८ ही चूक.

आता छापण्याबद्दल. वर दिलेल्या संक्षिप्त पद्धतीने ५८ चालींचा डाव एका स्तंभाच्या थोड्याशा भागात बसतो. सोबत ओपनिंगचे नाव, ज्या चालीला डावाने वळण घेतले तिथली एक आकृती आणि चाल कोणाची हे सांगणारी ओळ, एवढे पुरे. सगळ्या लढतींचे सगळे डाव छापा असे म्हणणे नाही. निर्णायक डाव तरी यावा.

छापताना तीन ठिकाणी हमखास गडबड होते. पहिली, दोन मोहरी एकाच घरावर जाऊ शकतात तेव्हा कोणते गेले हे न लिहिणे. या डावातच सहाव्या चालीला सी६ चा आणि जी८ चा, दोन्ही घोडे ई७ वर जाऊ शकतात; नुसते ‘घो-ई७’ छापले आणि वाचकाने चुकीचा घोडा हलवला की सातव्या चालीला सी६ रिकामे आणि डाव तिथेच अडतो. २३व्या चालीला पांढऱ्याचे दोन्ही हत्ती डी१ वर येऊ शकतात, तिथेही ह(एफ)-डी१ असेच हवे. दुसरी गडबड रोमन नोंदीवरून मराठीत आणताना. तिथे मोठे ‘बी’ अक्षर म्हणजे उंट आणि लहान ‘बी’ म्हणजे त्या रकान्यातले प्यादे. २६व्या चालीच्या काळ्याच्या उत्तरात ही गल्लत झाली तर उंट ए३ वर मारतो असे छापले जाईल, आणि त्या रंगाच्या घरांवरचा काळा उंट तर २२व्या चालीलाच पटावरून गेलेला आहे. एन पासाँ असेल तिथे तसा शब्द घालावा, नाहीतर ए४ वरचे प्यादे ए३ वर कसे मारले, असे विचारणारी पत्रे येतील. तिसरी गडबड आकृतीची. पांढऱ्याच्या डाव्या हाताचे कोपऱ्यातले ए१ हे घर काळेच असले पाहिजे. चित्र आरशासारखे उलटले की राजा-वजिराच्या जागा बदलतात आणि सगळे विश्लेषण वाया जाते. पान लावण्यापूर्वी कोणीतरी तो डाव छापील मजकुरावरून एकदा पटावर खेळून पाहावा. दहा मिनिटे लागतात आणि तिन्ही चुका तिथेच पकडल्या जातात.

चौदाव्या डावापासूनच सुरुवात करायची तर २० ते ३२ मधल्या ज्या चाली वर सलग आल्या नाहीत, त्या अशा: २२... ह-बी८ २३. ह(एफ)-डी१ व-बी६ २४. उं-एफ३ एफ×जी३ २५. एच×जी३ बी४ २६. ए४ बी×ए३ एन पासाँ २७. ह×ए३ जी६ २८. व-डी४ व-बी५.

कळावे.

आपला,
एक बुद्धिबळप्रेमी वाचक